पुढच्या ब्रेकला डावा कौल

"केबल काढली," वसंतराव म्हणाले आणि मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकची केबल त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. नीट गुंडाळून, सुतळीने बांधून, वर वर्तमानपत्राचा कागद. लग्नघरी आहेर आणावा तशी.

"कुणी काढली?"

"आप्पांनी काढायला लावली."

"का?"

"डावा कौल आला, मिस्त्री. देवी नको म्हणते."

माझ्या हातात एका लॉरीचा कार्बुरेटर होता. तो मी आधी खाली ठेवला. हातात राहिला असता तर वसंतरावांच्या दिशेने गेला असता.

माझं गॅरेज महाडला बाजारपेठेच्या टोकाला होतं. साठ सालानंतरची ही दोन-चार वर्षं. एमआयडीसी, तिथले कारखाने, शिफ्टला येणाऱ्यांच्या मोटारसायकलींच्या रांगा, यातलं तेव्हा काही नव्हतं. महाड आणि पोलादपूर, दोन्ही तालुके मिळून मोटारसायकली बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली सगळ्यात जोरात पळणारी वसंतरावांची. ते पोलादपूरच्या पुढचे, उमरठच्या बाजूच्या एका वाडीतले. घरची शेती भरपूर, आप्पा त्यांचे वडील, आणि हे एकुलते एक. शिवाय जंगलातल्या लाकडाचा ठेका. त्यासाठी आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला सारख्या फेऱ्या. चढताना ते कामासाठी चढायचे, उतरताना मात्र हौसेने उतरायचे. एसटीला मागे टाकून पोलादपूरच्या स्टँडवर चहा घेत बसायचे आणि मागाहून आलेल्या ड्रायव्हरला "काय मामा, वाटेत जेवलात वाटतं?" असं विचारायचे. असा माणूस.

पावसाळ्याआधी घाट उतरताना त्यांचा ब्रेक लागेना. त्यांनी गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली म्हणून वाचले. खांद्याचं हाड गेलं. आप्पांनी बजावलं की आणखी एकदा पडलास तर फटफटी विकून टाकीन. हाड जुळल्यावर वसंतराव थेट माझ्याकडे आले.

"मिस्त्री, गाडी अशी करा की घाटात पळवता आली पाहिजे. आणि थांबवता पण आली पाहिजे."

"पळवू नका, असं सांगितलं तर?"

"मग दुसरा मिस्त्री बघतो."

दुसरा मिस्त्री पनवेलच्या अलीकडे नव्हता आणि त्याच्या हाताची मला कल्पना होती. मी काम घेतलं.

तेव्हाच्या मोटारसायकलींना ड्रम ब्रेक असायचे. चाकाच्या मधोमध लोखंडी डबा असतो, तो ड्रम. त्याच्या आत दोन अर्धगोल तुकडे, ते शू. शूवर घासणारं अस्तर, त्याला लायनर म्हणतात. हँडलवरची दांडी ओढली की केबल ताणते, शू पसरतात, लायनर ड्रमला आतून घासतं आणि चाक थांबतं. घाटात सारखा ब्रेक धरून ठेवला की ड्रम तापतो आणि तापला की लायनर पकड सोडतं. दांडी हँडलला टेकते, गाडी मात्र चालूच. वसंतरावांचं नेमकं हेच झालं होतं.

ड्रम आतून अंडाकृती झाला होता, तो लेथवर धरून गोल करून घेतला. मुंबईहून चांगलं जाड लायनर मागवलं, तांब्याच्या रिबिटांनी शूवर ठोकलं, ड्रमला पुरतं चिकटेल असं कानशीने घासलं. ड्रमवर एक बारकी दांडी असते, केबल तिला ओढते. ती दांडी लांब करून घेतली. लांब पहारीने धोंडा लवकर हलतो, तेच गणित. वर नवी जाड केबल. एवढं झाल्यावर पुढचा ब्रेक दोन बोटांनी लागायला लागला.

मग सस्पेन्शन, म्हणजे धक्के खाणाऱ्या स्प्रिंगा आणि त्यांना आवरणारं तेल. पुढचं चाक ज्या दोन नळ्यांत धरलेलं असतं त्याला फोर्क म्हणतात. त्यातलं तेल पातळ असलं की ब्रेक लावल्याबरोबर गाडी नाक खाली घालते. आता डोक्यावरून जाणार, असं बसणाऱ्याला वाटतं. मी जाड तेल भरलं, स्प्रिंगेवर पोलादी चकत्या घालून तिला आधीच थोडं दाबून ठेवलं. मागच्या चाकाच्या शॉकपला, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरला, साइडकारवाल्या गाडीच्या कडक स्प्रिंगा बसवल्या. वळणावर गाडी डुलायची थांबली. स्वतःच्या हाताने केलेल्या कामावर मी खूश होतो. वसंतरावांनी तर गॅरेजसमोर दोन चकरा मारून मला मिठीच मारली.

आणि आता ही केबल वर्तमानपत्रात.

"तुम्हाला कळतंय का काय झालंय ते?" मी विचारलं. "गाडी आता वळणावर आधीपेक्षा जोरात जाते. ती मी केली. पुढचा ब्रेक चालू आहे म्हणून केली. तो काढलात तर आधीची गाडी बरी होती."

"मागचा आहे ना."

इथे मी कपाळाला हात लावला. ब्रेक लागला की सगळं वजन पुढे जातं. पुढचं चाक रस्त्यावर दाबून बसतं, मागचं हलकं पडतं. हलकं पडलेलं चाक आवळलं की ते नुसतं घसरतं. थांबवायचं काम पुढचा ब्रेक करतो, मागचा सोबतीला असतो. हे मी वसंतरावांना गाडी देताना खडू घेऊन फरशीवर काढून दाखवलं होतं. त्यांनी मान डोलावली होती. ठेकेदार माणूस, मान डोलावण्यात पटाईत.

"आणि घाटात कधी जायचंय?"

"परवा. महाबळेश्वरला लाकडाचा लिलाव आहे."

"नुसत्या मागच्या ब्रेकवर?"

"देवीची मर्जी म्हटल्यावर काय करणार?"

मला त्यांचा राग आला. हा माणूस परवा घाट उतरणार होता, माझ्या स्प्रिंगांवर. खाली पोचला नसता तर त्याच्या आईला तोंड कुणी दाखवायचं? मी लॉरीवाल्याला संध्याकाळचा वायदा केला आणि गॅरेजला कुलूप लावलं. वसंतराव म्हणाले, बसा मागे. त्या गाडीवर मागे बसायची माझी छाती नव्हती. केबल पिशवीत टाकून मी एसटीने गेलो.

आप्पा ओटीवर बसले होते. चहा आला. मी मुद्द्याला हात घातला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. ते अतिशय सभ्य होते, त्यामुळे जास्तच त्रास झाला.

"मिस्त्री, तुमी हुशार हाव. पन ह्यो पुढचा ब्रेक मानसाला उलटा मारतो. मी सोता बघितलाय."

"कुठे?"

"पोलादपुरात. सायकलीवर व्हतो. समोर म्हस आली, पुढचा दाबला आनि गेलो वरनं." त्यांनी ओठ वर करून दाखवला. समोरचे दोन दात नव्हते.

"आप्पा, ती सायकल होती. ब्रेक चुकीचा लागला असेल."

"दात तर बरोबर पडले ना?"

मी दुसऱ्या वाटेने गेलो. "आप्पा, डोक्यावर भारा घेऊन तुम्ही डोंगर उतरता, तेव्हा भार कुठल्या पायावर येतो?"

"पुढच्या."

"मग थांबताना जोर कुठला पाय लावतो?"

"पुढचाच."

"तेच तर मी सांगतोय!"

"पन फटफटीला पाय कुठं हायत, मिस्त्री?"

वसंतराव हसले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून गुरांकडे गेले.

त्या घरी कौल घेतल्याशिवाय काही होत नसे. पेरणी, सोयरीक, विहीर, सगळं. पद्धत अशी की गुरव देवीच्या मूर्तीला उजव्या-डाव्या अंगाला पाण्यात भिजवलेल्या फुलांच्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे प्रश्न देवीपुढे मांडतो, आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. यात हसण्यासारखं मला काही वाटत नाही. आमच्याही घरी कौल लावतात. पण प्रश्न काय घातला होता, हे मला जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, आपण देवळात जाऊ.

गुरव बाहेरच बसला होता. त्याने गाऱ्हाणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "बाय माजे, पोराला पुढच्या ब्रेकापासनं धोका नसंल तर उजवा दे, धोका असंल तर डावा दे."

मी एकदम ताठ झालो. धोका आहे का, असं विचारलं होतं! धोका कुठल्या ब्रेकपासून नसतो? वरवंट्यापासून धोका आहे का विचारलं तरी देवी आहेच म्हणेल, बोट चेंगरतं. मला वाटलं, सापडलं. फार हुशारी केल्याच्या आनंदात मी म्हणालो, "आप्पा, मग मागच्या ब्रेकबद्दलही विचारा. सारखाच प्रश्न, सारखाच कौल. मागच्यापासूनही धोका आहे असं आलं, तर दोन्ही बरोबरीचे झाले की नाही? मग केबल बसवू द्याल?"

आप्पांनी विचार केला. "रास्त हाय," ते म्हणाले.

कळ्या लागल्या. गाऱ्हाणं झालं. आम्ही बसलो. कळी काही पडेना. ऊन अंगणातून पायरीवर आलं. मला तो लॉरीवाला आठवत होता, तो गॅरेजच्या कुलपाशी बोलत उभा असणार. वसंतरावांनी जांभई दिली. वसंतरावांच्या आई, ज्यांना सगळे काकी म्हणायचे, तोवर मागून येऊन खांबापाशी बसल्या होत्या. देवळाच्या उजव्या भिंतीतली एक फळी निखळली होती आणि तिथून वारा येत होता, हे मी तेव्हाच पाहिलं. बोललो मात्र नाही. मला संध्याकाळी धडधाकट महाडला परतायचं होतं.

शेवटी कळी पडली. डावी.

"बघा!" मी म्हणालो. "दोन्हींत धोका आहे. दोन्ही सारखे."

आप्पा हात जोडून उठले. "खरं हाय, मिस्त्री. तुमच्यामुळं कळलं. वसंता, मागचा बी काढून टाक."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पण मी नीट ऐकलं होतं.

"आप्पा, मग गाडी थांबणार कशी?"

"थांबायची कशाला? चालवायचीच नाय. बिनब्रेकाची फटफटी कोन चालवतो? इकून टाकू."

वसंतरावांचा चेहरा उतरला. सकाळी या माणसाच्या गाडीला एक ब्रेक होता. मी आलो, डोकं चालवलं, आणि आता ना ब्रेक ना गाडी. "मिस्त्री, तुम्ही कशाला आलात?" ते माझ्या कानाशी पुटपुटले. मलाही त्या क्षणी नेमकं सांगता आलं नसतं. विकली तर जीव तरी वाचेल, असंही मनात आलं. पण मी वसंतरावांना ओळखत होतो. ही विकली असती तर त्यांनी कुठून तरी दुसरी आणली असती, जुनी, पातळ तेलाची, अंडाकृती ड्रमाची.

"मी इचारू का?" काकी म्हणाल्या.

गुरवाने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मान हलवली.

काकींनी कळ्या स्वतः ओल्या केल्या, गुरवाच्या हातात दिल्या आणि त्याने चिकटवल्यावर खांबापाशी परत न जाता तिथेच, उजव्या बाजूला, थोडं मागे उभ्या राहिल्या. "बाय माजे," त्या म्हणाल्या, "ब्रेक पुढचा असू दे नायतर मागचा. ते तुला काय इचारायचं? माज्या लेकाला त्याच्या घाईपासनं धोका हाय का, त्येवढं सांग. असंल तर डावा दे."

वाक्य पुरतं संपलं नाही तोच डावी कळी टपकन पडली.

उभ्या राहायच्या आधी त्यांनी निखळलेल्या फळीकडे एकदा बघितलं होतं आणि उजव्या कळीला वारा लागू नये म्हणूनच त्या तिथे आड उभ्या राहिल्या, असं मला आजही वाटतं. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"आता हात ठेव देवीच्या पायावर," काकी मुलाला म्हणाल्या. "उतरताना एष्टीच्या पुढं जायाचं नाय. बोल."

वसंतराव घुटमळले. लग्न झालेला, ठेकेदार, चाळीस माणसं हाताखाली असल्यासारखा बोलणारा माणूस, पण आईपुढे काही चालेना. "नाय जाणार," ते म्हणाले.

"आनि मिस्त्री, तुमी दोनी ब्रेक नीट लावा. घाई सुटली नाय तर निदान थांबेल तरी."

एवढं सोपं वाक्य मला सकाळपासून सुचलं नव्हतं. आप्पांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग देवीकडे, आणि "लावा" म्हणाले. मी गाडी देवळाच्या अंगणात आणवली आणि तिथेच पिशवीतून केबल काढून बसवली. वसंतरावांना अंगणात मागेपुढे करायला लावून पुढचा ब्रेक कसा धरायचा ते शिकवलं. एकदम आवळायचा नाही, मूठ वळावी तसा दाबत जायचा, आणि गाडी सरळ असताना. आप्पा ओठ मिटून बघत होते. मुलगा डोक्यावरून काही गेला नाही.

त्यानंतर काही महिने मी निश्चिंत होतो. इथे माझी दुसरी कटकट सुरू झाली, आणि ती मला कळलीसुद्धा नाही. वसंतराव शपथेला पक्के होते. एसटीच्या पुढे जात नव्हते. पण पुढे जायचं नाही म्हणजे मागे किती राहायचं, हे शपथेत कुणी घातलं नव्हतं. ते एसटीच्या शेपटाला चिकटून, तिच्या धुळीत, चिडचिड करत सगळा घाट उतरायचे. ज्या गाडीचा ब्रेक आणि सस्पेन्शन अख्ख्या रायगडात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, सगळ्यात चांगलं, ती गाडी एसटीचा धूर खात चालली होती.

एक दिवस ते गॅरेजमध्ये आले. गाडी स्टँडवर लावली, दोनदा, कारण पहिल्यांदा लागली नाही. मग माझ्या स्टुलावर बसले. तोंडावर धूळ, फक्त डोळे दिसत होते. मी पाणी दिलं.

घाटात एका वळणावर समोरून लाकडाने भरलेली बैलगाडी आली होती. एसटीवाल्याने करकचून ब्रेक मारला. धुळीत वसंतरावांना काही दिसलं नाही. दिसली ती एकदम एसटीच्या मागची लोखंडी शिडी, टपावर सामान चढवायची. समोर ती, बाजूला दरी.

"मागचा दाबला, चाक घसरायला लागलं. मग पुढचा. तुम्ही म्हणाला तसा, दाबत गेलो. गाडी खाली बसली, मिस्त्री, पण नाक घातलं नाही. बसत बसत थांबली. पुढचं चाक शिडीच्या खाली होतं. कंडक्टर मागच्या खिडकीशी होता. त्याने डोळे मिटले होते."

हा माणूस माझ्यासमोर स्टुलावर बसून पाणी पीत होता, याचा मला इतका आनंद झाला की मी त्याच्यावर ओरडलो. अंतर, अंतर म्हणून काही असतं की नाही? लेथवर ड्रम गोल करता येतो, तुमचं डोकं कुठल्या लेथवर धरू? ते सगळं ऐकून घेत होते. ती एकच वेळ, जेव्हा त्यांनी मान डोलावली नाही.

त्यानंतर ते एसटीपासून लांब राहून उतरू लागले. ती गाडी त्यांनी पुढे पुष्कळ वर्षं चालवली आणि पुन्हा कधी पडले नाहीत.

घाटातल्या त्या प्रसंगानंतर दोनच दिवसांनी आप्पा स्वतः महाडला आले होते. नारळ, पेढे, खांद्यावर नवं उपरणं.

"बघा मिस्त्री, देवीनं राखला."

"राखलाच. पण आप्पा, पुढच्या ब्रेकने राखला."

"तेच म्हनतोय मी. तिनंच ठेवायला सांगितला ना."

"तिने कुठे? काकींनी."

"हिच्या तोंडून कोन बोललं?"

मी नारळ घेतला आणि पेढ्यांचा पुडा उघडला. पेढे चांगले होते.

गोष्ट दोन्ही तालुक्यांत पसरली, पण पसरताना तिचं काय झालं ते मला पुढच्याच बाजारच्या दिवशी कळलं. एक कापडवाला गाडी ढकलत गॅरेजमध्ये आला. जुनी गाडी, पण निगा राखलेली.

"मिस्त्री, मला देवीचा ब्रेक बसवून द्या."

"कुठला?"

"तो पुढचा. पोलादपूरला देवीने दिला तो."

मी म्हटलं बसवतो, त्यात काही अवघड नाही. ड्रम उघडला, लायनर बघितलं. खडू घेऊन फरशीवर वजन पुढे कसं जातं ते काढून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत नीट ऐकलं.

"छान. मग आता मागचा काढून टाका."

"का?"

"पुढचा देवीचा असल्यावर मागच्याची काय गरज? उगाच घसरतो म्हणे."

मी खडू खाली ठेवला. मागचा ब्रेक सोबतीला असतो, एकाच चाकावर सगळा भरवसा ठेवायचा नसतो, हे पुन्हा पहिल्यापासून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या दिवसांत मी काही तरी शिकलो होतो.

"तुमच्या घरी शेवटचा शब्द कुणाचा?" मी विचारलं.

तो जरा लाजला. "सासूबाईंचा."

"मग उद्या त्यांना घेऊन या," मी म्हणालो आणि ड्रम बंद केला.